जालिंदरमामांनी भरलेली कॉइल

शकीलभाईंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत छोट्या बाटल्यांवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. शकीलभाईंचं इंदापुरात टायर-पंक्चरचं दुकान आहे आणि त्याला लागून जालिंदरमामांचं मोटर रिवाइंडिंगचं. शकीलभाई एरवी मला कधी फोन करत नाहीत. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी हातातली चिठ्ठी नीट चिकटवली, बोटानं दाबली आणि मगच फोन घेतला. "ताई, मामा गेले," ते म्हणाले. "नऊ वाजले तरी शटर वर झालं न्हाय, म्हणून मागच्या दारानं आत गेलो. खाटंवर निजल्यावानी हायेत." मग म्हणाले, "तुमी येताय न्हवं? न्हाय म्हंजे, तुमाला इचारल्याबिगर काय करायचं ते..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. मी निघालेच म्हणून सांगितलं आणि तरीही दहा मिनिटं त्याच खुर्चीत बसून राहिले. मामांना शेवटचं भेटून दीड महिना झाला होता. हा दीड महिना मी का गेले नाही, ते पुढं सांगेन.

दुपारी इंदापुरात पोचले. टेंभुर्णीहून मामांचा एक चुलत पुतण्या आला होता. मामांच्या तोंडून त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, पण रक्ताचं म्हणता येईल असं तेवढंच माणूस होतं. पंधरा-वीस माणसं जमली होती. बहुतेक सगळी मामांची गिऱ्हाइकं, कुणी शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आलेला. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही, कुणी बोललंही नाही. परत येताना पुतण्यानं विचारलं, "तुमी कोण लागता काकांच्या?" मी म्हणाले, भाची. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं नसावं, कारण मामांना बहीणच नव्हती.

आमचं गाव काटेवाडी. वडिलांचा ऊस होता, विहिरीवर पाण्याची मोटर होती, आणि ती वर्षातून एकदा तरी जळायची. जळालेली मोटर भरायची, म्हणजे आतली करपलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे मामांचं काम. सुरुवातीला ते बारामतीत दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते, पुढं त्यांनी इंदापुरात स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून वडील बारामतीतली चार दुकानं सोडून मोटर इंदापूरला न्यायला लागले. "त्याच्या हातची दोन वर्सं जादा चालती," एवढंच ते सांगायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांच्याबरोबर जायची हौस करायचे. मामा स्टुलावर बसून वेढे मोजत असायचे. ओठ हलायचे, आवाज नाही. मोजताना हाक मारायची नाही, असा नियम होता आणि तो वडीलसुद्धा पाळत. एकदा मोजणं संपायची वाट बघून मी विचारलं, "मामा, तारंला तार चिकटलीया, मग करंट इकडनं तिकडं उडी का मारत न्हाय?" त्यांनी ब्लेड घेतलं, तारेचा एक तुकडा खरवडला आणि आतलं लखलखीत तांबं दाखवलं. "हिला साल हाय," ते म्हणाले. "साल गेली की मोटर गेली." शाळेत मला हे पुढं सहा वर्षांनी शिकवलं, आणि इतकं चांगलं नाही शिकवलं.

मामांची आणखी एक सवय मला तेव्हापासून आठवते. मोटर जोडली आणि बटण दाबलं की आधी ते स्वतःच्या हाताची पालथी बाजू तिच्या अंगाला लावायचे. शॉक येत असेल तर आधी त्यांना यावा. मग बाजूला होऊन वडिलांना म्हणायचे, "लावा हात आता."

मामांची बायको, कमलमामी, मी कॉलेजात असताना तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहायला लागले. मी शिकत शिकत पुण्याला गेले, औषधशास्त्रात संशोधन करायला लागले. लग्न झालं नाही. आई-वडील एकामागोमाग एक गेले, आणि काटेवाडी म्हणजे भावाच्या घरी दिवाळीला दोन दिवस एवढीच उरली. मामांची आठवण वर्षानुवर्षं येत नसे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं आहे. त्यांच्याकडे मी परत गेले ती कामासाठी.

ते काम असं. आतड्याला जखमा होतात, त्या वर्षानुवर्षं बऱ्या होत नाहीत, असा एक आजार आहे. त्याचं औषध तोंडानं घेतलं की ते वाटेतच रक्तात जातं, अंगभर फिरतं, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात आणि जखमेपाशी पोचतं ते उरलंसुरलं. आम्ही अशी कॅप्सूल करत होतो की ती गिळल्यावर बंदच राहील. तिला मेणाचं एक बारीक दार, त्या मेणात लोखंडाची पिठासारखी पूड. कॅप्सूल हव्या त्या ठिकाणी पोचली की पोटावर बाहेरून तारेच्या वेढ्यांची कॉइल ठेवायची. कॉइलमधून वेगानं उलटसुलट होणारी वीज सोडली की तिच्या चुंबकशक्तीनं आतली पूड गरम होते, मेण वितळतं, दार उघडतं आणि औषध तिथंच सांडतं. कागदावर हे सगळं जमलं होतं. कॉइल जमत नव्हती. तयार करून आणलेली कॉइल पोळपाटासारखी सपाट होती. चार बोटं आत गेलं की तिचा जोर संपायचा, आणि दोन मिनिटांत ती इतकी तापायची की माणसाच्या कातडीवर ठेवणं शक्य नव्हतं. दोन इंजिनिअर दोन वेगळी गणितं सांगत होते. त्या दिवाळीला काटेवाडीत बसल्या बसल्या मला मामा आठवले. भाऊबीज झाल्यावर मी कॉइल पिशवीत घालून इंदापूरला गेले.

मामांनी मला आधी ओळखलं नाही. मग म्हणाले, "अलके व्हय? म्हातारी झालीस की." मी तेव्हा चाळिशीची होते. त्यांनी कॉइल हातात घेतली, उलटी केली, उजेडात धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला. माझं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "हिला पोट म्हाईतच न्हाय. ही टेबलासाठी केलीया." त्यांनी मागच्या खोलीतून पाण्याची घागर आणली आणि पालथी घालून माझ्यापुढं ठेवली. "पोट असं असतं. ह्याच्यावर भरू."

पुढचे आठ-नऊ महिने मी दर पंधरा दिवसांनी इंदापूरला जात होते. एका जाड तारेऐवजी केसासारख्या कितीतरी बारीक तारा एकत्र पिळायच्या, हे आम्ही सांगितलं. त्या न तुटू देता, साल न जाऊ देता पिळून घागरीच्या उतारावर एकसारख्या बसवायच्या कशा, हे त्यांनी शोधलं. तापण्यावरचा उपायही त्यांचाच. ठिबक सिंचनाची बारीक नळी त्यांनी वेढ्यांच्या मधून फिरवली आणि तिच्यातून गार पाणी खेळवलं. "उसाला चालतं ते हिला न चालायला काय झालं?" आमच्या इंजिनिअरनं ती नळी बघून आधी तोंड वाकडं केलं. आठवडाभर मोजमापं घेतली, मग ती तशीच राहू दिली. पुढं तिला वरून रीतसर कवच बसलं, तपासण्या झाल्या, दाखले मिळाले. पण आतली तार मामांच्या हातचीच राहिली.

ती पहिल्यांदा चालवली ती दुकानातच. काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेतलं, त्यात कॅप्सूल सोडली. औषधाच्या जागी तिच्यात कपड्याची नीळ भरली होती, दिसावी म्हणून. शकीलभाई काळ्या झालेल्या हातांनी येऊन दारात उभे राहिले. मामांनी कॉइल ग्लासाजवळ धरली, मी बटण दाबलं. एक मिनिट काही झालं नाही. दीड मिनिटानं कॅप्सूलच्या टोकातून निळा दोरा निघाला, पाण्यात हळूहळू वर चढला आणि ग्लास निळा झाला. "कुणी हात लावला?" शकीलभाईंनी विचारलं. "कुणी न्हाय," मामा म्हणाले. मग त्यांनी हाताची पालथी बाजू कॉइलला लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली. तापली नव्हती.

प्राण्यांवरच्या चाचण्यांत दोन वर्षं गेली. मग निरोगी माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी मिळाली. स्वयंसेवक शोधतोय असं मी सहज बोलून गेले, तर मामा म्हणाले, "माज्या वयाचा चालतो का?"

"साठीपर्यंत चालतो. पण तुम्ही नको. तुम्ही माझ्या ओळखीचे. शिवाय कॉइल तुम्ही भरलेली."

"म्हणूनच. मी भरलेल्या मोटरला पैला हात माजा आसतो. ही दुसऱ्याच्या पोटावर ठिवायची आन मी हितं बसून ऱ्हायचं?"

ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांनी रीतसर अर्ज केला. ओळखीचे म्हणून मला त्यांच्या निवडीपासून दूर ठेवलं गेलं, आणि ते योग्यच होतं. निवड दुसऱ्या डॉक्टरांनी केली. पोटाची काही तक्रार आहे का, या प्रश्नापुढं मामांनी 'नाही' लिहिलं होतं.

पहिल्या चाचणीत कॅप्सूलमध्ये औषध घालणार नव्हतो. चहा-कॉफीत जे उत्तेजक द्रव्य असतं तेवढंच घालणार होतो. कॅप्सूल उघडली की ते थोड्या वेळात लाळेत उतरतं आणि मोजता येतं. त्यामुळे स्वयंसेवकांना आधी तीन दिवस चहा बंद. इंदापूरच्या माणसाला हे फार अवघड. शकीलभाईंनी मला नंतर सांगितलं की मामा टपरीवर रोजच्या वेळेला यायचे आणि ग्लासात नुसतं गरम पाणी घेऊन सगळ्यांबरोबर उभे राहायचे. खऱ्या कॅप्सूलच्या आधी प्रत्येकाला एक कोरी कॅप्सूल गिळायला द्यायचो. आतून वाट मोकळी आहे ना, हे बघायला. वाट मोकळी असेल तर ती ठरल्या वेळात बाहेर पडते, नसेल तर आतच आपोआप विरघळते. मामांची बाहेर पडली नाही. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये, लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथं, ती अडकून बसलेली दिसली. अडचणीत कुणाला कळवायचं या रकान्यात माझं नाव होतं. म्हणून डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं.

मामा इस्पितळाच्या ढगळ सदऱ्यात बाकावर बसले होते. मी म्हणाले, "मामा, तुम्हाला या चाचणीत घेता येणार नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग आता च्या घेतला तर चालंल का?"

आम्ही कँटीनला गेलो. त्यांनी एकामागोमाग दोन कप चहा घेतला. मग मी सांगितलं की आत काहीतरी आहे, वाट अरुंद झाली आहे, तपासावं लागेल. ते कपाकडेच बघत म्हणाले, "म्हाईत हाय. दोन वर्सं झाली. जेवलं की उजव्या अंगाला कळ येती."

मला राग आला. तो रागच होता, काळजी नव्हती. "तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत. खरी कॅप्सूल असती तर आत रुतून बसली असती. ऑपरेशन करून काढावी लागली असती. सगळी चाचणी बंद पडली असती. डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलतो की. बारामतीला. केसपेपर काढला. खिडकीतल्या बाईनं इचारलं, सोबत कोन आलंय? म्हनलं, कोन न्हाय. ती म्हनली, दुर्बीण घालायची तर सोबत मानूस लागतं, घिऊन या." त्यांनी कप खाली ठेवला. "मग आलो परत. तुज्या हितं तसं कोन इचारत न्हाय. हितं एकट्यानंच यायचं आसतं."

मी म्हणाले, मला सांगायचं होतं. ते म्हणाले, "तू कामात आसतीस." त्या दोन वर्षांत मी कितीदा त्यांच्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले होते... ते जेवताना मध्येच हात थांबवायचे, सदरा खांद्यावरून घसरायला लागला होता. माझं सगळं लक्ष तारेकडे होतं. पोट हाच माझा विषय, आणि समोरच्या माणसाचं पोट मला दिसलं नाही.

गाठ निघाली, आणि ती कर्करोगाचीच होती. आतड्याचा वीतभर तुकडा काढून टाकला. ऑपरेशनच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी पहिल्यांदा 'भाची' लिहिलं. नर्सनं विचारलं, "सख्खी?" मी हो म्हणाले. मामा ट्रॉलीवर पडून ऐकत होते. चार दिवस त्यांच्या खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीत मी बसून होते. या खुर्चीत बसलेल्या माणसाला इस्पितळात कुणी नावानं हाक मारत नाही, 'सोबतचे' म्हणतात. मला ते आवडलं. पुण्यातल्या माझ्या घरात मी कुणाच्याच सोबतची नव्हते.

नंतर सहा महिने औषधं चालली. शिरेतून सलाइनमधून दिलं जाणारं एक औषध असं होतं की ते नसांना बाधतं. आधी गार लोखंडाला हात लावला की मुंग्या यायच्या, मग बोटांची टोकं बधिर होत गेली. डॉक्टर म्हणाले, काहींची परत येतात. मामांची आली नाहीत. मी एकदा गेले तेव्हा ते तारेचं टोक चिमटीत धरायचा प्रयत्न करत होते. धरलं आहे की निसटलं, हे त्यांना बघितल्याशिवाय कळत नव्हतं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी तार खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गोळी करतीस ती कशासाठी? औशिद नेमकं जागंवर सोडायला. व्हय ना? मग माज्या टायमाला ते अंगभर का सोडलं? दुखणं पोटात हुतं. बोटं का गेली माजी?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. गाठ काढल्यावर तिचे कण अंगात कुठंही दडून बसलेले असू शकतात. त्यांना शोधून मारायचं तर औषधानं अंगभर फिरावंच लागतं. आमची कॅप्सूल इथं उपयोगाची नव्हती, ती तयार असती तरीही. हे सगळं बरोबर होतं. मामांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय का." एवढंच. इतकं बरोबर उत्तर मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिलं नसेल, आणि इतकं निरुपयोगीही.

तरीही, लांबत गेलेली चाचणी अखेर सुरू झाली त्या दिवशी ते पुण्याला आले. पहाटेच्या एसटीनं, डोक्याला मफलर गुंडाळून. पहिला स्वयंसेवक तिशीतला एक शिक्षक होता. कॅप्सूल कुठवर पोचली हे आम्ही पडद्यावर बघत होतो. हव्या जागी आली तेव्हा कॉइल त्याच्या पोटावर बांधली, नळीतून पाणी सोडलं, बटण दाबलं. मामांना आत येता येत नव्हतं, ते बाहेर बाकावर बसून होते. दर पंधरा मिनिटांनी आम्ही लाळेचा नमुना घेत होतो. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात काही नव्हतं. तिसऱ्यात आकडा चढला. खोलीत माझे सहकारी एकमेकांशी हात मिळवत होते. मी दार उघडून बाहेर आले. मामांनी वर बघितलं.

"पोचला का च्या?"

"पोचला, मामा."

त्यांनी मान डोलवली. शेजारी बसायला जागा केली. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता.

नंतरचं सांगताना मी मलाच भली दिसत नाही. पुढच्या मोठ्या चाचणीला आणखी कॉइल लागणार होत्या. त्या एका कारखान्यात यंत्रावर भरून घेतल्या. दुसरा मार्ग नव्हता. मामांना मी ते सांगितलं नाही. ते फोनवर विचारायचे, "दुसरी कवा भरायची? सावकाश भरीन, पण भरीन." मी म्हणायचे, अजून गरज नाही मामा. आणि हे बोलत असताना नवी कॉइल माझ्या टेबलावर असायची. तिसऱ्या वर्षी दुखणं यकृतात उतरलं. डॉक्टरांनी पुन्हा औषध सुचवलं, मामा नको म्हणाले. "आता हाय तेवढं राहू दे."

शेवटची भेट झाली ती ते जायच्या दीड महिना आधी, दुकानातच. ते खुर्चीत उशीला टेकून बसले होते, पिवळे पडले होते. शकीलभाईंनी चहा आणून ठेवला. मग मामांनी विचारलं, "ती नवी कॉइल चांगली चालती का?"

मी कुणाकडून कळलं म्हणून विचारलं नाही. "चालते," म्हणाले.

"गुनगुनती?"

"थोडी."

"गुनगुननारच," ते म्हणाले. "मशीन तार वडतं. किती वडायची ते त्याला उमगत न्हाय." ते रागानं म्हणाले नाहीत, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले. मग दिवस मावळायच्या आत निघायला सांगितलं, वाटेत गाडी सावकाश चालव म्हणाले. त्यानंतर मी गेले नाही. चाचणीचा अहवाल होता, बैठका होत्या. पण खरं कारण ते नव्हतं. मामा आता काय विचारतील याची मला भीती वाटायची, आणि काही विचारणार नाहीत याची त्याहून जास्त.

पुतण्यानं दहाव्याचं केलं आणि दुकानातल्या वस्तूंतलं त्याला हवं ते नेलं. शकीलभाईंनी मला मामांचा फोन आणून दिला. साधा, बटणांचा. "गिऱ्हाइकांचे फोन येत्यात ताई. मला सांगवत न्हाय. तुमी ठिवा." मी तो पुण्याला आणला. रोज चार्जिंगला लावते. सुरुवातीला दिवसाला चार-पाच फोन यायचे. मोटर झाली का, कधी नेऊ, मामा कुठं हायेत. मी प्रत्येकाला सांगते की मामा गेले. मग पलीकडचा माणूस कुठल्या सालापासून त्यांच्याकडे मोटर आणायचा ते सांगतो. हे ऐकताना मला कळलं की बोटं गेल्यावर मामा कानावर काम करायला लागले होते; तार सावकाश भरायचे आणि ती नीट बसली का ते कानानं ओळखायचे. मोटर बसवली की फोन करायचा आणि फोन तिच्याजवळ धरायचा, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आवाजावरून ते सांगायचे, ठीक आहे की घासतेय, ठेवा की परत आणा. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आता फोन कमी झालेत. आठवड्याला एखादा. गेल्या रविवारी सकाळी सुप्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आला; फोनवर 'सुपे तात्या' असं नाव दिसलं. मी हॅलो म्हणायच्या आत ते म्हणाले, "मामा, मागं तुमच्याकडनं भरून नेलेली मोटर आज बसवली बगा. आईका." आणि त्यांनी फोन मोटरजवळ धरला. मला बोलायला जागाच मिळाली नाही. आधी वाऱ्याचा आवाज आला, मग खटका, मग मोटर सुरू झाली. जड, एकसारखा आवाज, त्यामागं पाणी पडायला लागल्याचा. मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद केला आणि ऐकत राहिले. ती मोटर चांगली चालली आहे की घासतेय, हे मला कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते पुन्हा बोलले, "हाय का बरोबर?"

"मी मामांची भाची बोलतेय," मी म्हणाले. "मामा गेले, तात्या. महिना झाला."

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. पण मोटरचा आवाज तसाच येत राहिला. तात्यांनी मोटर बंद केली नव्हती, आणि फोनही तिथून हलवला नव्हता.